मिनी ट्रॅक्टरच्या लोडरला ग्रॅपल: सिलेक्टर व्हॉल्व्हची जोडणी, आतापर्यंतचं काम

ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह मिनी. पुढे जॉयस्टिकवर चालणारा दोन स्पूलचा (स्पूल म्हणजे व्हॉल्व्हमधला तेलाची वाट बदलणारा सरकता दांडा) लोडर: एका स्पूलवर बूम, दुसऱ्यावर बकेट. ग्रॅपल (बकेटवर वरून मिटणारा जबडा) हवा आहे तो द्राक्षबागेतल्या काड्यांसाठी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नऊ फुटी ओळींत काड्यांचा जो खच पडतो, तो नुसत्या बकेटने उचलायला गेलं की निम्मा ओठावरून घरंगळतो. वरून दाबून धरणारा जबडा लागतोच. जबड्याला एक डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दोन लाइनी वाढल्या, आणि त्या चालवायला तिसरा स्पूल नाही.

मार्ग कुठला

तीन मार्ग आहेत. अख्खा व्हॉल्व्ह काढून तीन स्पूलचा बसवणं. पॉवर बियॉन्ड लाइनमध्ये (लोडर व्हॉल्व्हमधून पुढच्या यंत्रणेला दाबाचं तेल देणारी लाइन) ग्रॅपलचा वेगळा सोलेनॉइड (विजेवर चालणारा) व्हॉल्व्ह घालणं. किंवा बकेटच्या दोन लाइनींवर ६/२ (सहा पोर्ट, दोन स्थिती) सिलेक्टर व्हॉल्व्ह बसवून बटण दाबलं की तेच तेल ग्रॅपलकडे वळवणं. पहिल्या दोन्हींत बकेट आणि ग्रॅपल एकाच वेळी हलवता येतात, तिसऱ्यात येत नाहीत. पण काड्या उचलताना क्रम ठरलेलाच असतो: बकेट घुसवा, जबडा मिटा, बकेट वळवून घ्या, बूम उचला. जबडा आणि बकेट एकदम हलवायची वेळ क्वचितच येते, आणि बूम तर बटण दाबलेलं असतानाही चालतोच. त्यात मिनी ट्रॅक्टरच्या पंपाला एकाच वेळी दोन सिलिंडर जोमाने चालवण्याइतकं तेलही नसतं. म्हणून सिलेक्टर.

पॉवर बियॉन्डचा मार्ग ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. लोडर व्हॉल्व्हमध्ये पॉवर बियॉन्डची स्लीव्ह बसवलेली आहे, की कुणी थेट टँक पोर्टच मागच्या लिफ्टच्या लाइनला जोडून दिलाय? दुसरा प्रकार बऱ्याच जोडण्यांत सापडतो. टँक पोर्ट दाब सोसायला बनवलेला नसतो. पुढे लिफ्टवर लोड आला की तो दाब उलटा व्हॉल्व्हवर येतो, आधी सील जातं आणि नशीब वाईट असेल तर बॉडीला चीर पडते.

आकडे

पंप फेऱ्याला ९ सीसीचा, इंजिनच्याच वेगाने फिरतो. २६०० आरपीएमला हिशेबाने २३.४ लिटर, पंपाची आतली गळती धरून मिनिटाला सुमारे २१. १५०० आरपीएमला १२ च्या आसपास. रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) १५० बारला.

ग्रॅपल सिलिंडर ५० मिमी बोअर, २५ मिमी रॉड, २०० मिमी स्ट्रोक. मागच्या (रॉड नसलेल्या) बाजूला ३९३ सीसी तेल मावतं, म्हणजे पूर्ण रेसवर जबडा १.१ सेकंदात मिटतो. हा वेग भयानक आहे. पिना आणि बुशा महिन्यात ढिल्या होतील. सिलिंडरच्या मागच्या पोर्टात १.५ मिमी छिद्राचा ओरिफिस घातला, आता तोच स्ट्रोक दोन सेकंदांच्या आसपास होतो. ताकदीला काही होत नाही, कारण जबडा मालावर टेकला की प्रवाह थांबतो आणि ओरिफिसच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो.

माल धरून ठेवायला डबल पायलट चेक व्हॉल्व्ह (समोरच्या लाइनीत दाब आल्याशिवाय तेल परत न सोडणारा) ग्रॅपलवरच, सिलिंडरला चिकटून बसवलाय. ओरिफिस त्या चेकच्या आणि सिलिंडरच्या मध्येच यायला हवा. चेकच्या अलीकडे, कपलरच्या बाजूला लावला तर उघडताना चेकच्या मागे दाब तुंबतो, पायलट त्याला उचलू शकत नाही आणि जबडा धडधडत, अडखळत उघडतो.

लागलेलं सामान: ६/२ सिलेक्टर, १२ व्होल्ट, अर्धा इंची बीएसपी पोर्ट, ५० लिटरचा. अर्धा ते ३/८ इंची अडॅप्टर ६. डाऊटी वॉशर (आत रबराची कड असलेला धातूचा) ६, पण १० घ्या. ३/८ इंची आर२ एटी (तारेच्या जाळीचे दोन थर असलेला) होज ४ नग. फ्लॅट फेस कपलरच्या दोन जोड्या. होज आर१ एटी (एकाच थराचा) सुद्धा चालला असता, ३/८ ला त्याचा चालू दाब १८० बार आहे. पण सेटिंग १५० असलं तरी झटक्याचा दाब त्याच्या वर जातो, आणि आर२ ला ३३० बारची मोकळीक मिळते. कपलर साध्या बॉल टाइपपेक्षा फ्लॅट फेसच घ्यावेत. बागेतल्या धुळीत बॉलवाल्याच्या खोबणीत माती बसते आणि जोडताना ती थेट आत जाते.

थ्रेडबद्दल एकच. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन), दोन्हींना इंचाला १४ आटे. त्यामुळे चुकीचा निपल दोन-तीन आटे छान जातो आणि फसवतो. पुढे जड लागला की थांबा, पाना लावून ओढू नका. डाऊटी वॉशर असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेपही नको. टेपची चिंधी सुटून स्पूलमध्ये अडकते.

बसवणी

सिलेक्टर पुढे, दोन्ही बूम आर्म जोडणाऱ्या आडव्या पाइपवर बसवला. जॉयस्टिकजवळ बसवला असता तर दोन जादा होज अख्ख्या आर्मवरून पुढे न्यावे लागले असते. पुढे बसवल्यामुळे फक्त वायर न्यावी लागली. बकेटच्या दोन स्टील लाइनी आर्मच्या टोकाला जिथे होजला मिळतात तिथेच सोडल्या, पाइप कापायची गरज पडली नाही. कापावा लागलाच तर ट्यूब कटरने कापा, ग्राइंडरने नको. ग्राइंडरची भुकटी डिझेलने धुतली तरी कोपऱ्यात उरते.

सुरू करण्याआधी बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, दांडी चारही दिशांना हलवून दाब सोडायचा. हे लिहायची गरज नसावी, पण लिहिलेलं बरं.

होजची लांबी बूम वर-बकेट ओतलेली, बूम वर-बकेट भरलेली, बूम खाली-बकेट ओतलेली अशा तिन्ही टोकांना तपासूनच क्रिम्पिंगला (टोकाची फिटिंग दाबून बसवायला) द्यायची. ३/८ होजला किमान १३० मिमी त्रिज्येचं वळण लागतं. पिव्होटपाशी ते मिळत नसेल तर ९० अंशाचं एंड फिटिंग मागावं.

पहिल्या चाचणीत बटण दाबलं की कॉइल टक् करायची, पण तेल बकेटलाच जायचं. कॉइलवर व्होल्टेज बरोबर. कॉइलच्या नळीच्या टोकाची मॅन्युअल ओव्हरराइडची (हाताने स्पूल ढकलायची) पिन बोथट स्क्रू ड्रायव्हरने दाबली, तर ती अर्ध्यावर अडायची. घाण गेली असेल म्हणून स्पूल काढायच्या आधी चारही एम८ बोल्ट अर्धा आटा ढिले केले, आणि पिन लोण्यासारखी आत गेली. वेल्डिंगच्या उष्णतेने बसवणीची पट्टी वाकली होती. एका कोपऱ्याखाली ०.२ मिमीचं फीलर गेज आरपार जात होतं. बोल्ट आवळले की व्हॉल्व्हची बॉडी पिळली जायची आणि स्पूल चिमटीत धरला जायचा. स्पूल आणि बोअरमधलं अंतर मायक्रॉनमध्ये असतं, त्याला एवढा पीळ पुरतो. पट्टी काढून सरफेस प्लेटवर निळा रंग लावून घासली. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी तीनच बोल्ट लावावेत. तीन बिंदूंवर टेकलेल्या वस्तूला पीळ बसत नाही.

रिजनची भानगड

या कामातलं सगळ्यात जास्त डोकं खाणारं प्रकरण हेच, आणि सिलेक्टरसोबत आलेल्या कागदावर त्याचा उल्लेखही नसतो.

बऱ्याच लोडर जॉयस्टिकना बकेट ओतायच्या बाजूला दोन टप्पे असतात. दांडी थोडी उजवीकडे नेली की साधं ओतणं. पूर्ण उजवीकडे नेली की रिजनरेशन: रॉडच्या बाजूचं तेल टँकला न जाता पंपाच्या तेलात मिसळून पुन्हा मागच्या बाजूला येतं, बकेट पटकन ओततो. बकेटसाठी उत्तम. पण सिलेक्टरने तेच दोन पोर्ट ग्रॅपलला दिलेत, रिजनसकट.

ग्रॅपल सिलिंडरची मागची बाजू बकेट भरण्याच्या पोर्टला जोडली होती, म्हणजे दांडी डावीकडे नेली की जबडा मिटणार, उजवीकडे नेली की उघडणार. हाताला हे नैसर्गिक वाटतं. प्रत्यक्षात दांडी थोडी उजवीकडे नेली की जबडा उघडायला लागायचा आणि पूर्ण नेली की उलटा मिटायचा. कारण सरळ आहे. रिजनमध्ये दोन्ही पोर्टांवर सारखा दाब, आणि मागच्या बाजूचं क्षेत्रफळ रॉडच्या बाजूपेक्षा मोठं. सिलिंडर बाहेरच पडणार. ज्या व्हॉल्व्हमध्ये रिजनच्या वाटेवर आत चेक असतो त्यांत जबडा मिटत नाही, जागच्या जागी अडतो आणि रिलीफ ओरडतो. हे लक्षण पंप गेल्यासारखं वाटतं, म्हणून सांगून ठेवतो.

होज अदलाबदल केले तर? मग उजवीकडे नेल्यावर जबडा मिटतो, पूर्ण नेल्यावरही मिटतोच, फक्त ताकद पडते. १५० बारला पूर्ण बोअरवर सुमारे ३००० किलोचा रेटा मिळतो. रिजनमध्ये फक्त रॉडच्या क्षेत्रफळाएवढा, म्हणजे ७५० किलो. चौथा हिस्सा. आणि माणूस जोर हवा असतो तेव्हाच दांडी शेवटपर्यंत दाबतो.

म्हणून जोडणी मूळचीच ठेवली, डावीकडे मिटणं, आणि दांडीच्या उजव्या बाजूला एक पलटणारा स्टॉप बसवला: ६ मिमी पट्टीचा तुकडा, एका बोल्टवर फिरणारा. ग्रॅपल लावला की स्टॉप आडवा, दांडी रिजनमध्ये जातच नाही. साधा बकेट लावला की स्टॉप बाजूला. ज्यांच्या व्हॉल्व्हला रिजन नसलेला स्पूल बदलून मिळतो त्यांनी तो घ्यावा, हा जुगाड त्यापेक्षा कमी दर्जाचाच आहे.

वायरिंग

कॉइल ३६ वॅटची, थंड असताना मीटरवर ४ ओहम, म्हणजे ३ अँपिअर. बटण बाइकच्या हॉर्नचं, जॉयस्टिकच्या मुठीत. ते फक्त रिलेला चालवतं: ८५-८६ मध्ये बटण, ३० ला बॅटरीकडून ७.५ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली लाइन, ८७ वरून कॉइल. रिलेच्या बटणाला प्लस चावीच्या मागून घेतलाय, म्हणजे विसरून बॅटरी उतरणार नाही.

वायर १.५ चौरस मिमी. जाऊन-येऊन ७ मीटर होते, त्यात पाव व्होल्ट पडतो. आधी घरात पडलेली ०.५ ची वायर लावून पाहिली होती, तिच्यात पाऊण व्होल्ट जात होता. थंड असताना तीही चालते. पण कॉइल ६० अंशांनी तापली की तांब्याचा रोध साधारण पावपट वाढतो, ४ चे जवळपास ५ ओहम होतात, करंट अडीचच्या खाली येतो, आणि स्पूल ढकलायचा जोर त्याहून जास्त घटतो. सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं अशी तक्रार असेल तर आधी कॉइलच्या दोन टोकांवर, बटण दाबून, व्होल्टेज मोजा. अर्थ आडव्या पाइपच्या रंगावर घेऊ नका, वायरनेच मागे चॅसिसपर्यंत आणा. पिव्होटच्या ग्रीसमधून करंट भरवशाने जात नाही.

कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, पट्टीची बाजू प्लसला. उलटा लावला तर पहिल्याच दाबाला फ्यूज उडतो.

वापरायची पद्धत: आधी बटण, मग दांडी. सोडताना आधी दांडी, मग बटण. दांडी ओढून धरलेली असताना बटण दाबलं तर दाबाखालचा स्पूल हलत नाही, किंवा अर्धवट हलतो.

कपलर

उन्हात तासभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला ग्रॅपल जोडायला जावं तर कपलर बसत नाही. सिलेक्टर आणि कपलर यांच्यातलं तेल कोंडलेलं असतं, तापून फुगतं. नुसती दांडी हलवून उपयोग नाही, कारण बटण न दाबता ती लाइन सिलेक्टरने बंदच केलेली असते. इंजिन बंद, चावी ऑन, बटण दाबून ठेवा आणि दांडी दोन्ही बाजूंना हलवा. मग कपलर हाताने बसतो. ग्रॅपलच्या बाजूचं कपलर सावलीत ठेवलं तर निम्मा त्रास वाचतो.

सध्या कुठे आहे

ग्रॅपल चालतो. गळती बघायला पुठ्ठा फिरवला, हात नाही. १५० बारचा बारीक फवारा कातडीतून आत जातो आणि वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं. दोन जोड झिरपत होते, एकाचा डाऊटी वॉशर तिरका बसला होता. तेल सुमारे पाऊण लिटर वाढवावं लागलं, पातळी सगळे सिलिंडर आत घेऊनच पाहिली. ग्रॅपलचं वजन ९० किलो, ते पुढच्या अ‍ॅक्सलवर कायमचं आलंय, त्यामुळे मागच्या लिफ्टवर काँक्रीटचा ठोकळा लागतो: १०० लिटरच्या साच्यात २४० किलो भरतो.

बकेट भरलेला ठेवून ओठाची घसरण मोजली. सिलेक्टरआधी १० मिनिटांत ८ मिमी, आता ११. सिलेक्टरच्या स्पूलची गळती त्यात मिसळली आहे आणि काड्यांच्या कामाला एवढी चालते. शेणखतासाठी पॅलेट फोर्क लावायचे झाले तर बकेटच्या लाइनींवरही चेक लागेल.

राहिलेलं: आर्मवरच्या वायरला नायलॉनची जाळीदार नळी, होजना पिव्होटपाशी स्पायरल गार्ड, आणि स्टॉपच्या बोल्टला नायलॉक नट. सध्याचा साधा नट दोनदा ढिला झालाय.