दिवेलागणीनंतर

वारी केली की दारू सुटते, असं पुष्कळांना वाटतं. मग घरचे पिणाऱ्याला एखाद्या दिंडीत ढकलून देतात. कृपा करून असं करू नका. रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरतात, भ्रम होतात, फिट येते, जिवावरही बेततं. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. माझे आधी उपचार झाले, मग ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या संघटनेच्या मीटिंगा, आणि बऱ्याच महिन्यांनी वारी. निघताना माझ्या स्पॉन्सरनं, म्हणजे मला आधार देणाऱ्या ए.ए.तल्या जुन्या सदस्यानं, एकच विचारलं, "संध्याकाळचं काय करणार?"

पिणाऱ्यालाच सुचेल असा प्रश्न. दिवस कसाही निघतो, दिवेलागण झाली की जीव मागायला लागतो. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांना सांभाळा, असं आम्हाला शिकवतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणजे थकवा रोजचाच.

पुण्याचा मुक्काम जड गेला. ओळखीचे रस्ते, ओळखीच्या पाट्या. दिंडी उतरली होती तिथून मी हललोच नाही. पुढं सासवडचा टप्पा लांबचा. हडपसर मागं पडलं तेव्हाच पाय बोलायला लागले. विणेकरी बुवांना विचारलं, पंढरपूर अजून किती? "पंढरपूर राहू द्या माऊली. वडकीनाल्याचा विसावा गाठू, घाटाचं मग बघू." मला हसूच आलं. 'फक्त आजचा दिवस' हे मीटिंगमध्ये ऐकून ऐकून पाठ झालेलं, इथं तर दिवसाचेही तुकडे करत होते.

दिवे घाटात मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ अंगठ्यानं पुढं सरकवली. "ही घालायच्या आधी मीही काही कमी नव्हतो." माळ घातली की दारू-मटण बंद, हा वारकऱ्यांचा नेम. म्हटलं, माळेनं सुटली? "माळेनं कुठली! गळ्यात माळ दिसली की गुत्तेवालाच देईना, पोरं हसायची. चारचौघांच्या डोळ्यांनी सुटली म्हणा." यातलं लाजेचं मला पटलं नाही. लाजेपायी मी जास्तच प्यायचो. पण चारचौघं लागतात, हे खरं.

ही चारचौघं मला वाल्ह्याच्या तळावर दिसली. पालखी तळावर आली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. चोपदार दंड उंचावतो आणि एवढा जनसमुदाय क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. मग तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकून घेतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात आणि उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात. सगळं संपल्यावर आरती. मी मागं उभा राहून मनात म्हणालो, आपल्याला खुपतंय ते न लपवता टाळ वाजवत राहायचं, ही सोय मला वीस वर्षांपूर्वी हवी होती.

त्यानंतर संध्याकाळची धास्ती बरीच कमी झाली. हरिपाठ, पंगत, पायांना तेल, आणि कोणाचा तरी घोरण्याचा आवाज. वारी म्हणजे काही निर्व्यसनी लोकांचा मेळावा नव्हे. मिश्री-तंबाखूच्या पुड्या अबीर-बुक्क्याइतक्याच सहज फिरतात. आपल्याला आपलं राखावं लागतं. वाटेतल्या दवाखान्यात खोकल्याचं औषध घेताना मी आधीच सांगायचो, मी व्यसनमुक्तीत आहे, अल्कोहोल किंवा कोडीन नसलेलं द्या. डॉक्टर पोरगी एकदाही चिडली नाही.

तरडगावला पाण्याच्या टँकरवरचा पोरगा शेजारी येऊन बसला. "काका, तुम्ही सोडलीय म्हणे." तोंडाला वास येत होता. मी त्याला सोड म्हणालो नाही. ए.ए. सुरू झालं तेच मुळी १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले त्यातून. उपदेश करणारे त्यांनाही काही कमी भेटले नसणार. मी माझं सांगितलं: कशी लपवायचो, बायकोचा कोणता दागिना कधी गेला, पहिला आठवडा कसा काढला. तो मधेच म्हणाला, "बाटली टँकरच्या सीटखाली आहे." मी म्हटलं, असू दे, तू बोल. तो बोलला, पुष्कळ बोलला.

पंढरपुरात दर्शनबारी बघून मी कळसालाच हात जोडले आणि एसटी धरली. घरी आल्यावर त्याचा फोन आला, आमच्या तालुक्याला मीटिंग कुठं भरते? ती माहिती काढतोय. तोवर तो रोज संध्याकाळी फोन करतो, कधी न पिता, कधी पिऊन. पिऊन केला तरी उचलतो.