कार्टिंग ते फॉर्म्युला 4 : आधी सीट, मग इंजिन

मुलाला कार्टिंगमधून (छोट्या, उघड्या गाड्यांच्या शर्यतींतून) फॉर्म्युला 4 पर्यंत न्यायचं, तर कागदपत्रं हा या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग. एफएमएससीआय या भारतातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेच्या कार्टिंग लायसन्ससाठी जन्मदाखला, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, रक्तगट आणि पालकांची संमती लागते. रोटॅक्स या कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या शर्यतींच्या वर्गांत लहानांसाठी मायक्रो मॅक्स, पुढे ज्युनियर, मग सीनियर. पैसे जातात ते त्यानंतर.

जुनं इंजिन घेताना मी आधी सील पाहतो. रोटॅक्सचं इंजिन सीलबंद असतं, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरनेच उघडायचं. सीलचा नंबर लॉगबुकाशी जुळला नाही, तर तपासणीत अडकलातच. साधारण 50 तासांनी ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून दुरुस्ती, धरून चाला. ‘फारसं चाललेलं नाही’ असं प्रत्येक विकणारा सांगतो, तास लेखी दाखवणारे थोडे.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ सीटने खाल्ला. कार्टला डिफरन्शियल, म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतो, मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर एकाच वेगाने फिरतात. वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं नाही, तर ते फरफटतं आणि कार्ट सरळ जायला बघते. ते उचलायला चालकाचं वजन बाहेरच्या बाजूला झुकावं लागतं, आणि ते ठरतं सीटच्या उंचीवर. सीट फार खाली बसली की वळणातून बाहेर पडताना इंजिन गुदमरल्यासारखं वाटतं, आणि पालक इंजिनवाल्याशी भांडतात! फार वर बसली, तर दुपारी ट्रॅकवर टायरचं रबर चढून पकड वाढल्यावर कार्ट वळणात उड्या मारते. म्हणून सीट बसवायला भोकं पाडण्याआधी मुलाला सूट, बूट, रिब प्रोटेक्टर घालून बसवा, अ‍ॅक्सलपासून सीटपर्यंतची मापं वहीत लिहा. सीट सैल नको, बरगड्या पहिल्याच दिवशी काळ्यानिळ्या होतात. मुलं वाढतात, तेव्हा दर हंगामात हे सगळं पुन्हा.

दुसरं, जेटिंग. जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधलं इंधनाचं भोक, त्याच्या आकारावर इंजिनला किती पेट्रोल मिळतं ते ठरतं. कोल्हापूरचा मोहिते ट्रॅक समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, बंगळुरू नऊशे मीटरवर, चेन्नई समुद्राकाठी. उंचावर हवा विरळ, म्हणून जेट लहान. तोच जेट घेऊन चेन्नईत उतरलात, तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंधन तुटतं, त्यातच मिसळलेलं ऑइलही, पण आरपीएम अजून चढलेलेच असतात. पिस्टन तिथेच धरतो, म्हणजे जाम होतो. 5 लिटर पेट्रोलला 100 मिली टू-स्ट्रोक ऑइल, मापून, अंदाजाने नाही. स्पार्क प्लग कॉफीच्या रंगाचा हवा, पांढरा दिसला तर जेट वाढवा. शंका असेल तेव्हा मोठ्या जेटवरून सुरुवात करा. फेरीत थोडा वेळ गेला तरी चालेल, पिस्टन वाचतो.

फॉर्म्युला 4, म्हणजे कार्टिंगनंतरची एकआसनी रेसिंग गाड्यांची पहिली पायरी, तिला किमान वय 15. भारतातल्या मालिकेत मायगॉल कंपनीची गाडी आणि अल्पीनचं इंजिन आहे. फॉर्म्युला 1 मध्ये उतरायला लागणाऱ्या सुपर लायसन्ससाठी तीन हंगामांत 40 गुण लागतात, आणि फॉर्म्युला 4 च्या विजेत्याला मिळतात जेमतेम 12. कार्टमध्ये डाव्या पायाने ब्रेक मारायची सवय इथे कामी येते, पण पेडल इतकं जड असतं की पाय आणि मान वर्षभर आधीपासून तयार करावी लागते. सामानही बदलतं. कार्टिंगचा सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. फॉर्म्युला 4 च्या गाडीत आगरोधक सूट आणि हान्स, म्हणजे अपघातात डोकं-मान सावरणारं उपकरण, लागतं, हेल्मेटवर त्याचे अँकर हवेत. चौदाव्या वर्षी महागडं कार्टिंग हेल्मेट घेऊ नका.