सम तारखेचं पार्किंग

लायसन्स मिळून दीड वर्ष झालं तरी मला पुण्याच्या अलका चौकात काम असलं की मी गाडी सारसबागेपाशी लावून टिळक रोडने चालत जायचे. का, तर तिथे नाक पुढे करून गाडी घुसवता यायची. दोन गाड्यांच्या मधली जागा दिसली की मी ती बघितलीच नाही असं दाखवून पुढे. क्लासमध्ये आठचा आकडा शिकवला, चढावर हाफ क्लच शिकवला. दोन गाड्यांच्या मध्ये गाडी लावणं, म्हणजे पॅरलल पार्किंग, मात्र "येईल हळूहळू" म्हणून सोडून दिलं.

शिकवलं शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी. एसटीतून निवृत्त ड्रायव्हर. रविवारी सकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर त्यांनी पाण्याचे दोन रिकामे ड्रम ठेवले आणि वॅगनआरची लांबी विचारली. मला कुठली माहीत! पुस्तिकेत निघाली, ३६५५ मिलिमीटर. मग त्यांनी पावलं मोजून मध्ये साधारण दीड गाडीची जागा सोडली.

पहिला प्रश्न मीच विचारला, सरळ पुढूनच का नाही घालायची? "वळतात पुढची चाकं. मागची नुसती ओढली जातात. पुढून घातलीस तर तोंड आत जाईल, ढुंगण रस्त्यावर राहील." हे ऐकल्यावर निम्मी भीती गेली. उलटं जाणं म्हणजे काही कसरत नव्हे, त्यातच सोय आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या ड्रमच्या बाजूला, दोन-अडीच फूट अंतर ठेवून, आपला मागचा बंपर ड्रमच्या रेषेत. डावीकडे फुल कट, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं आणि मागे यायचं. मागचा ड्रम उजव्या आरशात अख्खा दिसला की स्टिअरिंग सरळ. आपला पुढचा डावा कोपरा पुढच्या ड्रमला चुकला की उजवीकडे फुल कट. सगळं हाफ क्लचवर, मुंगीच्या चालीने. मी नेमकी तिसऱ्या टप्प्यावर घाई करायचे आणि मागचं चाक फुटपाथला टेकायचं. पहिल्या दिवशी चार वेळा ड्रम आडवा केला. तिसऱ्या रविवारी एकदाही नाही.

रस्त्यावर वेगळीच परीक्षा. रिव्हर्स टाकला की कुठून तरी एक गृहस्थ येतो आणि "येऊ द्या, येऊ द्या" सुरू. त्याला फक्त मागचं टोक दिसत असतं, माझं पुढचं टोक कोणाच्या दाराला घासतंय याचं त्याला काय? काका म्हणाले होते, "बास म्हणाला तेवढं ऐक. बाकी आरसा." एकदा मी अर्धी आत असताना एक ॲक्टिव्हा येऊन उरलेल्या जागेत उभी राहिली. स्टँड लावून माणूस निघूनही गेला.

आणि मग लक्ष्मी रोडजवळची ती एकेरी गल्ली. पी-१, पी-२ ची पाटी. विषम तारखेला एका बाजूला, समला दुसऱ्या. त्या दिवशी होती १४ तारीख, म्हणजे जागा उजवीकडे! घोकलेलं सगळं उलटं. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून हवेत हात फिरवत बसले. पण उजवीकडे फुटपाथ माझ्याच खिडकीखाली होता. काच खाली करून बघत बघत गेले, एका दमात बसली गाडी.

काकांना फोन केला. "आता बाहेर काढायला ये म्हणू नकोस," म्हणाले. तासाभराने मी गाडीपाशी परत आले तर मागे स्प्लेंडर, पुढे टेम्पो, दोन्हीकडे वीतभर जागा. टेम्पोवाला जेवायला गेला होता.