गंधाराचा मध्यम करणारी कळ

रविवार, रात्री

गिटार एकदाची घरी आली. म्हापशाच्या एका वादकानं हॉटेलांतलं वाजवणं बंद केलं आणि सामान विकायला काढलं, त्यात ही होती. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डूसेनबर्ग कंपनीची फेअरीटेल. लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी घेऊन पोलादी बारनं वाजवायची, आणि घोडीपाशी, म्हणजे उजव्या टोकाला तारा ज्यावर टेकतात तिथं, तारा ओढणाऱ्या दोन कळा. किती मोजले ते इथं लिहीत नाही. सौ. वाचते.

चोर्ला घाटात पावसानं समोरचं काही दिसू दिलं नाही. कणकुंबीला चहाला थांबलो तर केस गाडीत ठेवायचा धीर होईना, घेऊनच आत शिरलो. चहावाला म्हणाला, "बंदूक हाय काय ओ त्यात?"

घरी उघडल्यावर आधी वाजवून बघायला हवी होती. पण बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्कची शेड चालवणाऱ्याचा डोळा आधी फिटिंगकडे जातो. कळ हलवून बघितली. बाजूला हलत नाही, दाबली की मऊ जाते, सोडली की स्प्रिंग तिला आवाज न करता जागेवर आणते. परदेशी मालाचं उगाच कौतुक करायची मला सवय नाही, पण हे काम करणाऱ्याला शंभरावा मिलिमीटर कळत असणार.

सोमवार

आमच्या लहानपणी बेळगावात ऑर्केस्ट्रा म्हटला की त्यात हवाईयन गिटार असायचीच. शहापुरात सरांकडे मी शिकलो ती मात्र खरी हवाईयन नव्हतीच. साधी कलकत्त्याची गिटार, नटावर, म्हणजे खुंट्यांच्या बाजूच्या तारांच्या टेकूवर, लोखंडी पट्टी चढवून तारा उंच केलेल्या, की झाली हवाईयन. सर एका तारेवर गाणं वाजवून घेत. मिंड, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात न तुटता सरकणं, स्वच्छ आली पाहिजे, बारचा खरखराट ऐकू येता कामा नये, आणि पुढं गेलेला बार मागं सरकवून सूर सापडवायचा नाही. एवढ्या तीन गोष्टींवर माझी शाळेतली सगळी वर्षं गेली.

नंतर या गिटारवर राग वाजवणाऱ्या ब्रिजभूषण काबरांना ऐकलं. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची १९६७ ची ती रेकॉर्ड आमच्या गल्लीत एकाच घरात होती आणि त्या घरातल्या काकूंना आम्ही फार त्रास दिला. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवर पोलाद सरकवण्याची जी पद्धत रुळवली, ती इकडं येऊन आलाप करायला लागली होती. आमच्याकडं विचित्र वीणा होती, दक्षिणेत गोट्टुवाद्यम होतं, दोन्ही तारांवर गोटा सरकवूनच वाजवायची, त्यामुळं कान तयारच होता.

मग कळा कशाला? मिंड तर बारनंच येते. हा प्रश्न मला म्हापशाच्या त्या वादकानंही विचारला, विकणारा असून.

उत्तर असं. बार हलवला की सगळ्या तारा एकदम चढतात, एकदम उतरतात. सहा तारा आणि त्यांच्यातलं अंतर कायमचं बांधलेलं. कळ दाबली की एकच तार चढते आणि बाकीच्या जागेवर वाजत राहतात. अमेरिकेत ही करामत आधी पेडल लावलेल्या मोठ्या स्टील गिटारवर झाली. १९५४ च्या सुमाराला बड आयझॅक्सनं वाजती तार पेडलनं वर नेलेली लोकांनी रेकॉर्डवर ऐकली आणि मग तिथल्या स्टीलवाल्यांना दुसरं काही सुचेना. ती वाद्यं चार पायांवर उभी, खाली पेडलं, गुडघ्याला दांडे. माझ्या या कळा म्हणजे त्यातला अगदी थोडा भाग, तळहाताखाली आणलेला.

मी तारा ई मध्ये लावल्या आहेत, म्हणजे पेटीची पांढरी तीन. खालून वर सा, प, सा, ग, प, सा. तारांचे नंबर मात्र वरच्या सा पासून मोजायचे. तिसऱ्या तारेची कळ गंधाराचा मध्यम करते, दुसऱ्या तारेची पंचमाचा धैवत. दोन्ही दाबल्या तर सा-ग-प चं सा-म-ध होतं, आणि बार जागचा हललेलाही नसतो. आज रात्री नुसतं एवढंच करत बसलो. सौ. आतून म्हणाली, "अहो, पुढं जा की आता."

मंगळवार

आज आनंद जरा कमी. कळ दाबून सोडली की दुसरी तार मूळ पंचमाच्या किंचित खाली उतरून बसते. परत दाबली, सोडली, तेच.

कारण शोधायला वेळ लागला नाही. कळ तार घोडीकडं ओढते, तेव्हा नटापलीकडचा थोडा तुकडा खाचेतून अलीकडं सरकतो. सोडल्यावर तो परत पलीकडं जायला पाहिजे. खाच घट्ट असेल तर तो अलीकडंच अडकतो आणि तार तेवढी सैल पडते. भिंग लावून बघितलं तर खाचेच्या एका कडेवर जुन्या तारेच्या गुंडाळीचे दातेरी ओरखडे होते. बारीक पॉलिश पेपर दुमडून खाच साफ केली, शिसपेन्सिलीचा भुगा भरला. पंचम परत जागेवर यायला लागला. नवी तार काही दिवस ताणली जातेच, त्याला इलाज नाही. पण एक सवय आजपासून लावून घेतली: कळ एकदा दाबून सोडायची आणि मगच खुंटी फिरवायची. न दाबता लावलेली तार पहिल्याच धैवताला धोका देते.

तिसरी तार गुंडाळीची होती, ती काढून वीसची, म्हणजे इंचाचे वीस हजारांश जाडीची, साधी टाकली. गुंडाळीच्या तारेचा गाभा बारीक असतो, तो ताणला जातो पण सूर चढायला वेळ लावतो. साध्या तारेला थोडी हालचाल पुरते. हिशोबच केला एकदा वहीत. अर्धा स्वर चढवायचा तर तारेचा ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढवावा लागतो, पूर्ण स्वराला जवळजवळ २६ टक्के. म्हणून मध्यमाची कळ हलकी लागते आणि धैवताची बोटाला जाणवते. ते कळीचं दुखणं नाही, तारेचा स्वभाव आहे.

गुरुवार

खरी गंमत आज झाली.

प्रत्येक कळीला एक बारीक स्क्रू आहे. तार किती चढल्यावर कळ थांबणार, ते त्या स्क्रूवर. पुस्तकी पद्धत अशी की ट्यूनर लावा, कळ दाबा, काटा मधोमध येईपर्यंत अ‍ॅलन की फिरवा. मी तसं केलं. मोबाइलवर तंबोरा लावला आणि धैवत दाबला. काटा मधोमध होता आणि धैवत तंबोऱ्यात मिसळायलाच तयार नव्हता.

यात ट्यूनरचा दोष नाही, त्याची मोजपट्टी निराळी. अर्ध्या स्वराचे शंभर भाग करून एकेकाला सेंट म्हणतात. ट्यूनरचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटांवर. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ वर. धैवताचं तसंच: ट्यूनरचा ९००, तंबोऱ्याशी जुळणारा ८८४. मध्यम मात्र ५०० ऐवजी ४९८, म्हणजे जवळपास तोच. परिणाम मजेशीर झाला. गंधार आधीच खाली लावलेला, म्हणून तिथून मध्यमापर्यंत जायला कळीला ११२ सेंट चढावं लागतं, आणि पंचमापासून धैवताला १८२ पुरतात. ट्यूनर म्हणतो त्यापेक्षा एक स्क्रू जास्त, दुसरा कमी.

संध्याकाळी पेटी दुरुस्त करणारे काका आले. ऐंशीच्या घरात आहेत, बेळगावचे पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या पेटीवर ज्यांचे कान घडले त्या पिढीतले. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, आत मराठीत बोलणं, आणि सूर लावताना कुणाशीच बोलणं नाही. त्यांना वाद्य दाखवलं. दिसण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. डोळे मिटून म्हणाले, "दाब."

दाबला.

"थोडा खाली घे. अजून. हां, थांब. आता परत दाब." मग डोळे उघडून म्हणाले, "आमच्या पेटीत सूर चढवायचा तर पट्टीचं टोक घासायचं, उतरवायचा तर मूळ घासायचं. घासलं ते गेलं, परत भरता येत नाही. तुझा स्क्रू तर उलटा पण फिरतोय की रे!"

त्यावरून गाडी देवलांवर गेली. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सूक्ष्म सुरांवरचं, पुस्तक १९१० मध्ये छापलं. त्यांनी आणि क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज आयसीएस अधिकाऱ्यानं मिळून श्रुतींची पेटी करवून घेतली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा त्या खटाटोपाला आधार होता. काकांचं मत रोखठोक: "पेटी चांगली होती, पण वाजवणाऱ्याला बोटं बावीस कुठली आणायची?" मग माझ्याकडं वळून, "तू दोनच सुरांची डोकेदुखी घेतलीस ते बरं केलंस."

मला जे इतके दिवस नीट मांडता येत नव्हतं ते इथं सापडलं. बारनं वाजवताना धैवत कुठं थांबवायचा हे मी दर वेळी नव्यानं ठरवतो, कान सांगेल तिथं. कळीचं तसं नाही. ते आधी ठरवून, स्क्रू आवळून बसावं लागतं. गाणाऱ्याला ही सक्ती कधीच नसते, पेटीवाल्याला जन्मभर असते. मी मधेच कुठंतरी. कळ अर्धी दाबून खालच्या सुरांवर रेंगाळता येतं, आंदोलन घेता येतं, म्हणजे सूर संथ झुलवता येतो, पण वरची हद्द ठरलेली. आणि ती एकच हद्द सगळ्या रागांना चालत नाही. भूप रागाचा धैवत लावून झाल्यावर काका म्हणाले, "हाच देशकारात वाजवलास तर मी उठून जाईन." देशकारातला धैवत थोडा चढा, असं आपल्याकडं मानतात. स्वर तेच पाच, पण देशकार धैवतावर उभा राहतो, आणि तो उतरलेला लागला की राग भूपासारखा दिसायला लागतो.

दोन्ही कळा एकदम दाबल्यावर काकांनी आणखी एक पकडलं. न ओढलेला षड्जही केसभर उतरतो. ताण वाढला की सगळं वाद्य थोडं वाकतं, मोठ्या पेडल स्टीललाही हे चुकत नाही. मला ऐकू आलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर आता तेवढंच ऐकू येतंय.

शुक्रवार

उजव्या तळहाताची अडचण. इतकी वर्षं तो हात घोडीपाशी टेकून नको त्या तारा मुक्या करायचा. आता त्याच जागी कळा आल्या. कळ दाबायला हात उचलला की मागच्या तारा मोकाट वाजत सुटतात. उपाय दोन: बारच्या मागची डाव्या हाताची बोटं तारांवर हलकी ठेवायची, आणि उजवीकडं अंगठ्याची नखी पुढची तार छेडायच्या आत तिलाच टेकवून गप्प करायची. जुना हात मोडून नवा बसवायचा. लागतील महिने.

धैवताची कळ माझ्या हाताला आखूड पडते. शेडमधल्या टर्नरला पितळेची टोपी काढायला सांगितली, आत बारीक स्क्रूनं धरणारी. म्हणजे मूळ भागाला धक्का नाही. त्याला कन्नड आणि मराठी दोन्ही सारखीच येतात, पण मापं तो दोन्हीत सांगत नाही, बोटांनी दाखवतो. लगेहात स्टेनलेस स्टीलचा बारही काढून घेतला: २० मिलिमीटर जाड, ८० लांब, एक टोक गोल. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास भरलं. जुना बार हलका होता, कळ दाबली की ताणलेली तार त्याच्याखाली थरथरायची. हा हलत नाही.

शनिवार

सौ.च्या भजनी मंडळात पहिल्यांदा नेली. बायकांचा सूर काळी चार. बार चौथ्या रेघेवर ठेवला की झालं. तिथंही गंधाराचा मध्यम तेवढाच चढतो, कारण कळ ताण वाढवते, लांबीला हात लावत नाही. हे कागदावर माहीत होतं, तरी कानानं ऐकल्यावर जीव भांड्यात पडला.

अभंग संपताना मी दोन्ही कळा दाबून सा-म-ध घेतलं. मला फार आवडलं. परत येताना सौ. म्हणाली, "ते शेवटचं सिनेमातलं वाटलं ओ. धैवत एकटाच येऊ दे की." रस्ताभर वाद घातला, पण तिचं बरोबर आहे. अभंगाला एकटा धैवतच शोभतो, खाली षड्ज धरून ठेवलेला. दोन्ही कळांचं काम भावगीताला.

या घोडीवर तिसरी कळ बसवता येते. खालच्या पंचमालाही धैवत करता येईल म्हणून मन ओढतंय, पण आत्ता नको. स्क्रूच्या डोक्यावर हिरव्या रंगाची खूण केली, ती भूपाची. देशकाराची लाल खूण राहिलीय. काका म्हणाले, सकाळचा राग आहे, तो संध्याकाळी कशाला लावायचा, उद्या सात वाजता येतो, चहा तयार ठेव.