जेली बुरशी आणि सांबर, नोंदी कुठवर आल्यात

मंडळी, दोन-दोन जीवांची तुलना करायच्या वहीतली नवी जोडी बऱ्यापैकी मार्गी लागलीये, एका बाजूला ट्रेमेला मेसेंटेरिका म्हणजे ती पिवळी, घड्याघड्यांची जेली बुरशी आणि दुसऱ्या बाजूला सांबर. रंग, आकार, वजन हे रकाने पटकन भरले, त्यात फारसं काही नाही. खरी गंमत खाण्याच्या रकान्यात आहे.

ट्रेमेला वाळक्या फांदीवर उगवते म्हणून ती लाकूड खात असेल असं वाटतं, पण नाही, तिचं भक्ष्य म्हणजे त्याच फांदीवर पापुद्र्यासारखी पसरलेली पेनिओफोरा नावाची दुसरी बुरशी. लाकूड कुजवायची सगळी मेहनत, लिग्निन म्हणजे लाकडाला टणक करणाऱ्या घटकासकट, पेनिओफोराची आणि ट्रेमेला तिच्या तंतूंमधून आयतं ओढून घेते. आता सांबराकडे बघा, बहुतेक रात्रीचं पाला ओरबाडतं, रवंथ करतं, पण सेल्युलोज म्हणजे पाल्यातला चिवट तंतुमय भाग तोडणारं एन्झाइम त्याच्या स्वतःच्या शरीरात बनतच नाही, ते काम पोटाच्या पहिल्या कप्प्यातले जिवाणू करतात आणि त्यांच्या जोडीला चक्क बुरशी! रवंथ करणाऱ्यांच्या पोटातली ही ऑक्सिजनशिवाय जगणारी बुरशी कॉलिन ऑर्पिन यांनी १९७५ मध्ये मेंढीत ओळखली, तोवर तिच्या पोहणाऱ्या बीजाणूंना एकपेशीय प्राणी समजायचे. म्हणजे दोघंही दुसऱ्याच्या पचनावर जगतात, मला तरी या जोडीतलं हेच सगळ्यात भारी वाटलं. फरक एवढाच की सांबर आपल्या सूक्ष्मजीवांना ऊब आणि चावलेला चारा देतं, अर्थात त्यातले बरेचसे पुढच्या कप्प्यात गेले की तेही पचवून टाकतं! ट्रेमेला पेनिओफोराला काहीच देत नाही.

बाकी वाळलेला एक तुकडा बशीत पाणी घालून ठेवला होता, आधी नखाएवढं कडक नारिंगी टरफल, मग हळूहळू कडा उचलल्या, घड्या सुटल्या आणि पुन्हा पिवळाधमक लिबलिबीत गोळा. ब्लेडने पातळ काप घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला, बेसिडिया म्हणजे बीजाणू तयार करणाऱ्या पेशी अंडाकृती, वरून दिसणाऱ्यांत अधिकच्या चिन्हासारख्या भिंती आणि चार खण एकदम स्पष्ट, त्यामुळे ओळख पक्की. डॅक्रिमायसिस ही तशीच दिसणारी दुसरी जेली बुरशी असती तर बेसिडिया इंग्रजी वायसारखे दुबेळके दिसले असते.

आता ट्रेमेलाचे तंतू पेनिओफोराला जिथे चिकटतात ती जागा बघायचीये. काँगो रेड हा रंग लावून ऑइल इमर्शनखाली, म्हणजे तेलाचा थेंब टाकून वापरायच्या जास्त मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, कोणी हे बघितलंय का? काप फांदीच्या सालीसकट घेता की गोळ्याच्या बुडाचा?