दीडशेचा रिले आणि माझे एकवीस दिवस

काटोलकडे आमची संत्र्याची बाग आहे आणि बागेत एक एटीव्ही आहे, म्हणजे हँडल धरून चालवायची चार जाड चाकांची छोटी गाडी. नातेवाईक तिला खेळणं म्हणतात. पण ट्रॅक्टर घातला की फांद्या मोडतात अशा ओळींतून फवारणीची टाकी ओढत हीच जाते. यंदा ऐन मे महिन्यात तिनं मान टाकली. सकाळी सातला ठणठणीत, वीस-पंचवीस मिनिटांनी ठसकत बंद. झाडाखाली अर्धा तास उभी केली की परत चालू. आणि मग एके दिवशी काही केल्या चालूच होईना.

ही गाडी सडकेवर चालवता येत नाही, म्हणून छोटा हत्ती केला. २,५०० रुपये भाडं. नागपुरातल्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोरानं एकदा चाबी फिरवली, स्टार्टर मारला आणि निकाल दिला, "पंप गेला, सर." म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला ढकलणारा पंप. पूर्ण असेंब्ली २४,०००, माल बाहेरून येणार, तीन-चार आठवडे, ५,००० अ‍ॅडव्हान्स. बाहेर ४५ अंश आणि आत एसी. मी मुकाट्यानं पैसे भरले. गाडी ठेवायला जागा नाही म्हणाले, म्हणजे परतीचे आणखी २,५००.

खरं निदान आमच्या सालदारानं केलं. गाडी उतरवताना तो म्हणाला, "भाऊ, पहिले चाबी फिरवली का सीटखालून गुर्रर्र करे. आता काहीच नाही करत." पंप अजिबातच बोलत नसेल, तर आधी त्याला करंट तरी पोहोचतोय का हे बघायला नको? सर्व्हिस सेंटरमध्ये मीटर कोणी काढलाच नव्हता.

फ्यूज शाबूत होता. मग राहिला रिले, म्हणजे करंटनं चालू-बंद होणारा छोटा स्विच. आतल्या कॉइलला करंट मिळाला की कॉन्टॅक्ट जुळतात आणि पंपाला करंट जातो. बॉक्सच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, त्यात पंपाचा रिले आणि रेडिएटरच्या फॅनचा रिले शेजारी शेजारी, दोन्हींवर नंबर एकच. अदलाबदल केली, चाबी फिरवली. गुर्रर्र! पण दोन सेकंदांत आवाज थांबला आणि माझ्या पोटात गोळा आला. ते तसंच असतं, हे नंतर कळलं. नुसती चाबी दिली की पंप दोन-तीन सेकंद चालून प्रेशर भरतो आणि इंजिन फिरेपर्यंत गप्प बसतो. स्टार्टर दाबला, पहिल्या झटक्यात चालू. मी बागेत एकटाच ओरडलो.

म्हणजे पंप चांगला आणि रिले खराब. आता फक्त एक रिले आणायचा होता. इथंच माझी खरी तपश्चर्या सुरू झाली.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गेलो. "सुटा रिले येत नाही सर, वायरिंगचा सेट येतो." मी खिशातला रिले काढून समोर ठेवला, तो सुटाच तर होता. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "पार्ट नंबर सिस्टीममध्ये नाही." दुसऱ्या खेपेला सिस्टीममध्ये नंबर सापडला, पण जॉब कार्डशिवाय पार्ट निघत नाही, आणि गाडी आणल्याशिवाय जॉब कार्ड नाही. परत छोटा हत्ती? मी म्हटलं, "गाडी चालते, पण फॅनचा रिले पंपाला लावलाय. फॅन बंद आहे." तो म्हणाला, "चालते ना सर? मग?"

या "मग?"चं उत्तर त्याला मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, त्या गाडीवर बसवून द्यायला हवं होतं. फॅनशिवाय आम्ही पहाटे दहा-दहा मिनिटंच चालवायचो, सालदाराची नजर तापमानाच्या दिव्यावर. आंबिया बहाराची फळं गळत होती, आणि फवारणी शेवटी पाठीवरच्या पंपानं, मजूर लावून करावी लागली.

तिसऱ्या खेपेला पार्टवाल्या मॅडम सुट्टीवर. चौथ्या खेपेला म्हटलं, पंपाची ऑर्डर तरी रद्द करा, अ‍ॅडव्हान्स द्या. उत्तर मिळालं, "ऑर्डर वर गेली आहे." वर म्हणजे कुठं, हे कोणालाच सांगता आलं नाही. मेल करा म्हणाले. मेल केला. एकवीस दिवस गेले.

त्या दिवशी रागानंच सीए रोडवरच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात शिरलो. काकांनी चष्मा वर करून रिले पाहिला. "बारा व्होल्ट, चार पिना. हा तर कारमध्ये लागतो." पिनांची रुंदी जुळवली, अँपिअर वाचले, आत डायोडची खूण आहे का पाहिलं (असली तर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना उलट्या चालत नाहीत) आणि खोका समोर ठेवला. १५० रुपये. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी दोन घेतले.

एक चूक सांगायची राहिली, सुरुवातीलाच सांगायला हवी होती. जुन्या रिलेच्या ८५-८६ ला बॅटरी दिली तेव्हा तो छान 'टिक' वाजला होता आणि मीटरही ३० ते ८७, म्हणजे कॉन्टॅक्टच्या दोन पिना, जोडलेल्या दाखवत होता, म्हणून मी घटकाभर त्याला निर्दोष सोडलं होतं. टिक म्हणजे फक्त आतली कॉइल शाबूत. मीटर अगदी बारीक करंटवर मोजतो, त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टवरही तो फसतो. मग रिले टिनावर उन्हात तापवला आणि ३०-८७ मधून हेडलाइटचा बल्ब पेटवला, तेव्हा बल्ब मिणमिणला. नंतर झाकण फोडलं तर कॉन्टॅक्ट काळेठिक्कर. काही रिलेंवर १, २, ३, ५ असे आकडे असतात, त्यात ३ म्हणजे ३० आणि ५ म्हणजे ८७.

आणि रिले काढून ३० ते ८७ तार टाकायची युक्ती कोणीतरी सांगेलच. तपासायला ठीक आहे, तीही फ्यूज घालून. तशी गाडी मात्र चालवू नका. इंजिन बंद पडलं की एरवी पंपही थांबतो, तार असली की थांबत नाही. गाडी उलटली तरी पेट्रोल ढकलतच राहतो.

नवा रिले बसवताना सॉकेटच्या पिना घासून घेतल्या. दुसरा सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलाय. गेल्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरचा फोन आला होता. पंप आलाय, बाकीचे १९,००० घेऊन या म्हणाले.