सत्तरीचं आयुष्मान कार्ड, अण्णांचा स्टेंट आणि आमची धावपळ – माझा अनुभव

सत्तरीच्या आयुष्मान कार्डाबद्दल (सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत उपचारांचं केंद्र सरकारचं कार्ड) घरोघरी इतकी उलटसुलट चर्चा चालू असते की आमच्याकडे खरं काय काय झालं ते एकदा सविस्तर लिहूनच टाकते, कोणाला उपयोग झाला तर झाला.

आधी परिस्थिती सांगते. अण्णा, म्हणजे माझे वडील, सूतगिरणीत होते, अठ्ठावन्नला रिटायर झाले आणि तेव्हापासून ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची पेन्शन घेतात. ती किती असते हे ज्यांच्या घरात कोणी घेतंय त्यांना माहितीये. सरकारने २०१४ मधे किमान एक हजार केली, अण्णांना त्याच्यापेक्षा थोडी जास्त मिळते एवढंच. म्हणजे स्वतःचं उत्पन्न म्हणाल तर औषधाला पुरत नाही. पण रेशनकार्ड पांढरं! का, तर दादाची नोकरी आहे आणि नाव एकाच कार्डावर. त्यामुळे राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना वगैरे आमच्यासाठी नव्हतीच, ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची. (१ जुलै २०२४ पासून ती सगळ्या कार्डांना लागू झाली आणि रक्कमही दीड लाखाची पाच लाख झाली, पण हे अजून खूप लोकांना माहीत नाही, अगदी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या पोरांना सुद्धा.)

मग दादाने अण्णांची प्रायव्हेट पॉलिसी काढली होती. बीपी आणि शुगर दोन्ही असल्यामुळे आधीच्या आजारांना वेटिंग पिरियड, तो संपेपर्यंत नुसते हप्ते भरायचे, आणि हप्ता दरवर्षी वर. शेवटचं रिन्यूअल आलं ते बेचाळीस हजारांच्या वर, त्यात १८ टक्के जीएसटी धरून. तो जीएसटी सप्टेंबर २०२५ मधे काढला, आमचं तोपर्यंत पॉलिसी बंद करून झालं होतं. दादाची दोन पोरं शिकतायत, तो तरी किती ओढणार. अण्णाच म्हणाले, "बंद कर ते, माझ्या पेन्शनीच्या दुपटीहून जास्त पैसे माझ्याच आजारपणाच्या भीतीला जातायत."

सप्टेंबर २०२४ मधे केंद्राने जाहीर केलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी सुरू केलं की ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही आयुष्मान भारतमधे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान वय वंदना कार्ड म्हणतात त्याला. मला आधी वाटलं की यात काहीतरी मेख असणार. तर मेख अशी फार नाही. रेशनकार्डाचा रंग विचारत नाहीत, उत्पन्नाचा दाखला नको, फक्त आधार. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. प्रायव्हेट पॉलिसी किंवा ईएसआय (कामगारांच्या पगारातून कापला जाणारा सरकारी आरोग्य विमा) असेल तरी हे चालतं. केंद्रीय कर्मचाऱ्यांची सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस अशा सरकारी योजनेत असाल तर मात्र दोन्हीपैकी एक निवडावं लागतं. पाच लाख कुटुंबातल्या सत्तरीच्या पुढच्यांमधे मिळून असतात, म्हणजे आई आणि अण्णा दोघं सत्तरीचे असते तर दोघांत मिळून पाच. आई अडुसष्टची. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मी दोन वर्षं आजारी पडायचं नाही होय?" तिला म्हटलं तुला महात्मा फुले योजना आहे आता, तर तिचा विश्वास बसेना.

आता कार्ड काढण्याचं. आयुष्मान अॅप मोबाईलवर घ्यायचं, लाभार्थी म्हणून लॉगिन करायचं, सत्तरीच्या वरच्यांसाठी वेगळा पर्याय दिसतो, राज्य आणि आधार नंबर टाकायचा आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायची. हे वाचायला पाच मिनिटांचं काम वाटतं. आमचं अडलं ते ओटीपीपाशी. अण्णांच्या आधारला जो नंबर जोडलेला तो त्यांच्या जुन्या सिमचा, ते सिम कधीच बंद झालेलं. मग बोटांचे ठसे, तर आयुष्यभर सूत हाताळलेल्या माणसाची बोटं मशीनवर उठतच नाहीत, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला पण दरवर्षी हाच तमाशा. सीएससी सेंटरवाला (सरकारी ऑनलाईन कामं करून देणारं केंद्र) पोरगा चांगला होता, त्याने बोटं पुसून, तेल लावून, दहाही बोटं करून बघितली आणि शेवटी म्हणाला, ताई, काकांना आधार सेंटरला न्या आणि आधी मोबाईल नंबर लिंक करून घ्या, पुढे सगळीकडे तेच लागणार आहे. तिथे पन्नास रुपये लागले (आता पंच्याहत्तर झालेत), कागद कुठला लागला नाही, माणूस मात्र स्वतः लागतो. डोळ्यांच्या स्कॅनवर काम झालं. नंबर अपडेट व्हायला थोडे दिवस गेले, आणि मग दादाच्याच फोनवर ओटीपीने पाच मिनिटांत कार्ड तयार! चेहऱ्यानेही होतं म्हणतात, त्याला आधारचं फेस आरडी नावाचं अॅप फोनमधे लागतं, आम्हाला ते नंतर हॉस्पिटलमधे कळलं.

कार्ड आलं, लॅमिनेट केलं, अण्णांनी देवघरातल्या डब्यात ठेवलं. इथपर्यंत सगळ्यांचं होतं. खरी परीक्षा पुढेच आहे आणि माझं म्हणणं हेच आहे की कार्ड हातात असणं वेगळं आणि त्या कार्डावर अॅडमिट होणं वेगळं.

काही महिन्यांनी अण्णांना जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी, टूडी इको बघून अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा, म्हणजे ब्लॉक आहे का ते बघायची तपासणी) करा सांगितलं. घराजवळचं हॉस्पिटल, गेटवर योजनेचा मोठा बोर्ड, आम्ही निश्चिंत. आत गेल्यावर कळलं की हे हॉस्पिटल योजनेत आहे पण हाडांच्या ऑपरेशनसाठी, हृदयासाठी नाही! हे कोणी सांगत नाही हो. हॉस्पिटल योजनेत असतं म्हणजे सगळ्या आजारांना असतं असं नाही, स्पेशालिटीनुसार असतं. पीएमजेएवायच्या, म्हणजे आयुष्मान योजनेच्या वेबसाईटवर हॉस्पिटल शोधताना जिल्ह्याबरोबर स्पेशालिटी पण निवडता येते, नाहीतर १४५५५ ला फोन करून विचारायचं. महात्मा फुले योजनेचा नंबर १५५३८८.

दुसऱ्या हॉस्पिटलला कार्डिओलॉजी यादीत होतं. तिथे बिलिंग काउंटरवर सांगितलं, "अँजिओग्राफी कॅश भरा, ब्लॉक निघाला तर स्टेंट योजनेत करू." (स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवायची बारीक जाळी.) वर एक फॉर्म पुढे केला सहीला. दादा सही करणारच होता, मी म्हटलं थांब वाचू दे. त्यात बारीक अक्षरात होतं की रुग्ण स्वखुशीने योजनेचा लाभ घेत नाही. स्वखुशीने! मी सही केली नाही आणि सरळ आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला शोधत गेले. हा माणूस प्रत्येक योजनेतल्या हॉस्पिटलमधे असतो, त्याचं टेबल असतं, फक्त ते दर्शनी ठिकाणी असेलच असं नाही, आमच्याकडे फार्मसीच्या मागच्या बोळात होतं. त्याने कार्ड बघितलं, कॉम्प्युटरवर अण्णांचं नाव काढलं आणि सांगितलं की अँजिओप्लास्टीच्या (म्हणजे ब्लॉक उघडून स्टेंट टाकायच्या) पॅकेजमधेच अँजिओग्राफी धरलेली असते, वेगळे पैसे घ्यायचे नाहीत.

आता हॉस्पिटलची बाजू पण सांगते. अँजिओग्राफी केली आणि ब्लॉक निघालाच नाही तर अँजिओप्लास्टीचं पॅकेज लागत नाही, मग तो खर्च त्यांच्या अंगावर येतो. त्यामुळे ते आधी कॅश मागतात. गणित कळतं, पण म्हणून माणसाकडून लाभ नको लिहून घ्यायचं? शेवटी आरोग्यमित्र, मी आणि बिलिंगवाल्या मॅडम अशी बरीच बोलाचाली होऊन ठरलं की स्टेंट लागला तर एक रुपया घ्यायचा नाही, नाही लागला तर अँजिओग्राफीचे आम्ही देऊ. मला ते रास्त वाटलं. तो फॉर्म परत काही कोणी पुढे केला नाही.

एक ब्लॉक निघाला, नव्वद टक्के. मग त्यांनी मंजुरीला पाठवलं, त्यात अँजिओग्राफीची सीडी, ईसीजी, डॉक्टरांचे पेपर, आणि अण्णांचा फोटो काढून चेहरा जुळवून घेतला (तेव्हा ते फेस वालं प्रकरण कळलं). मंजुरी त्याच संध्याकाळी आली. तेवढ्यात एक जण येऊन हळूच म्हणाला, योजनेतला स्टेंट साधा असतो, वरचे पैसे भरले तर भारीतला टाकू. मी डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले औषध लावलेलाच स्टेंट टाकणार आहे, काळजी करू नका. माहितीसाठी, २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने औषधवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० ठरवली होती, नंतर ती बदलत राहिली, त्यामुळे लाखाचा स्टेंट वगैरे कोणी सांगायला लागलं तर लिहून मागा. स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाईलला लावतात, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या तपासणीला लागतो.

सकाळी स्टेंट टाकला, मनगटातून. दुसऱ्या दिवशी अण्णा नर्सला म्हणत होते चहा पातळ आहे, म्हणजे ठीकच होते. डिस्चार्जला बिल शून्य, कागदावर सही, आणि घरी न्यायला औषधं. डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांपर्यंतचा औषधांचा खर्च योजनेत धरलेला असतो, ती मागून घ्या, काउंटरवर कोणी स्वतःहून आठवण करत नाही.

आणि त्यानंतर मात्र आपलं आपण. ही योजना अॅडमिट झालेल्यांची आहे, ओपीडीची नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची, बीपीची, शुगरची, दर महिन्याची तपासणी, हे सगळं खिशातून. आम्ही डॉक्टरांना जेनेरिक नावं लिहायला सांगितली आणि जनऔषधी दुकानातून घेतो, बिल निम्म्याच्या खाली आलं. अण्णांच्या जुन्या सोबत्याने अजून एक सांगितलं, ज्यांची निदान पाच वर्षं ईएसआय कापली गेली आणि जे वयाने रिटायर झाले त्यांना वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवराबायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, त्यात ओपीडी पण आली. गिरणीत अण्णांची ईएसआय कापली जायची हे पगाराच्या जुन्या चिठ्ठ्यांवर आहे, आता तो विमा क्रमांक त्या चिठ्ठ्यांत सापडतो का ते आई ट्रंक उपसून बघतेय.